खारं पाणी म्हणजे दूषित पाणी नव्हे: तपासणीत या चुका टाळा

अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्यात टीडीएस मीटर (विरघळलेले एकूण क्षार मोजणारं यंत्र) बुडवला की आकडा झरझर वर चढतो आणि ‘पाणी प्रदूषित’ असा शेरा पडतो. सगळ्यात मोठी चूक हीच. पूर्णा नदीकाठच्या जमिनीखालचा खारेपणा मुळात निसर्गाचा आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तरी तेवढ्यावरून कोणी किनारा प्रदूषित ठरवत नाही. इथे किंवा तिथे, शोधायची असते ती माणसानं घातलेली भर.

ती भर नायट्रेटमधून, म्हणजे खतं आणि मलमूत्रातून पाण्यात उतरणाऱ्या क्षारातून कळते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. टीडीएस मीटरला नायट्रेट वेगळं दिसत नाही, जंतू तर दिसतच नाहीत. नायट्रेट जास्त आणि सोबत ई-कोलाय (विष्ठेतले जंतू) सापडले, तर शोषखड्डा किंवा गोठ्याची घाण विहिरीत झिरपते आहे असं समजा. नायट्रेट एकटंच वाढलं असेल, तर वावरातल्या युरियाकडे बोट दाखवून मोकळं होऊ नका. उकिरड्यातून झिरपताना जंतू मातीत अडकतात, नायट्रेट मात्र खाली उतरतं. असं पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात चालत नाही, आणि उकळल्यानं नायट्रेट कमी होत नाही, उलट दाट होतं. हे घराघरांत सांगायलाच हवं.

दुसरी चूक, एकाच नमुन्यावर निकाल देणं. वस्तीपासून दूर, चढावरच्या विहिरीचं पाणीही घ्या. फरक तिथेच कळेल. नदीवर नाल्याच्या तोंडाच्या वर आणि खाली, असे दोन नमुने हवेत. किनाऱ्यावर भरती-ओहोटीची वेळ सांभाळावी लागते, तसं आपल्याकडे पावसाचं. मे महिन्यातलं पाणी आणि मृगाच्या पहिल्या सरींनंतरचं पाणी एक नसतं, म्हणून दोन्ही वेळा तपासा.

सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण किती ऑक्सिजन खाईल ते मोजणारी चाचणी) करायला देत असाल, तर पाणी खारं आहे हे प्रयोगशाळेला आधीच सांगा. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे हा आकडा खोटाच फुगतो. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला १९ ग्रॅमच्या आसपास असतं, त्यामुळे किनाऱ्यावर ही अडचण फार मोठी होते. तो वाढीव आकडा सांडपाण्याचा समजून कुणावर आरोप करणं अन्यायाचं आहे.

बाटलीचं थोडक्यात: जंतूंसाठी निर्जंतुक बाटलीच हवी, कोल्ड्रिंकची धुतलेली चालणार नाही. हातपंप आधी काही मिनिटं हापसा. ब्लीचिंग टाकलेलं पाणी असेल, तर सोडियम थायोसल्फेट घातलेली बाटली मागून घ्या, नाहीतर जंतू वाटेतच मरतात आणि अहवाल स्वच्छ येतो. नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवा.

बाटलीवर जागा, वेळ आणि आधीचा पाऊस कधी झाला ते लिहा. पूर्णेचं पाणी तापीतून सुरतजवळ अरबी समुद्राला मिळतं. आपल्या नोंदी नीट असतील, तर किनाऱ्यावर मोजणाऱ्यालाही त्या कामी येतील.