नेट बंद केल्यावर चालतो का? पीसी गेम घेण्याआधी आणि घेतल्यावर काय तपासायचं

गेल्या दिवाळीत लॅपटॉप घेऊन गावी गेलो होतो, संगमेश्वरच्या पुढे, तिथे मोबाईलला रेंजची एक काडी येते आणि ती पण पडवीच्या कोपऱ्यात उभं राहिलं तरच. बहीण पण आली होती आणि भाच्याला मी महिनाभर आधीपासून सांगून ठेवलेलं की तुला गाड्यांचा गेम खेळायला देतो. गेम पुण्याहूनच डाउनलोड करून नेलेला, पूर्ण पैसे भरलेले, एकट्याने खेळायचा मोड. फराळ झाला, पोरगं मांडी घालून बसलं, मी आयकॉनवर क्लिक केलं, लोगो आला, मग काळ्या स्क्रीनवर एक गोल फिरत राहिला आणि शेवटी मेसेज, सर्व्हरशी कनेक्ट होता येत नाही. हॉटस्पॉट लावून अर्धा तास पडवीत उभा होतो, काही उपयोग झाला नाही. भाचा म्हणाला, "मामा, गेम तुझाच आहे ना, मग तो विचारतोय कोणाला?"

त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून गेम घ्यायची पद्धतच बदलली. आता मी काय काय बघतो ते इथे सगळं लिहितोय, कारण आपल्यातले बरेच जण महिना-दोन महिने पैसे साठवून एक गेम घेतात आणि त्यांचे ते पैसे वाया जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

आधी डीआरएम म्हणजे काय ते थोडक्यात, माहीत असेल तर पुढे जा. तुम्ही पैसे भरलेत की नाही हे तपासणारं कुलूप म्हणजे डीआरएम. पूर्वी हे कुलूप सीडीवर असायचं, ड्राइव्हमध्ये डिस्क नसेल तर गेम सुरू व्हायचा नाही. मग ॲक्टिव्हेशनची मर्यादा आली, २००८ साली स्पोअर आला तेव्हा सुरुवातीला तीनच ॲक्टिव्हेशन मिळायची आणि चिडलेल्या लोकांनी ॲमेझॉनवर एक-एक स्टार देऊन राग काढला. २०१० मध्ये असॅसिन्स क्रीड २ पीसीवर आला तो सतत नेट मागायचा, म्हणजे खेळता खेळता कनेक्शन गेलं की गेम थांबला, आणि मार्चमध्ये कंपनीचेच सर्व्हर बंद पडले तेव्हा पैसे भरलेली माणसं नुसती बघत बसली. २०१३ च्या सिमसिटीचं पण तेच, शहर एकट्याने बांधायचं असलं तरी सर्व्हर पाहिजेच, आणि मग वर्षभराने त्याच गेमला ऑफलाइन मोड दिला. म्हणजे जमत होतं. मग ते पहिल्या दिवशी का दिलं नाही याचा राग अजून जात नाही.

आता सुरुवात स्टोअर पेजपासून. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात गेमचं पान उघडलं की आपण ट्रेलर बघतो, किंमत बघतो आणि सरळ कार्टमध्ये टाकतो. ते करू नका, उजव्या बाजूच्या कॉलममध्ये सावकाश खाली या. सिंगल प्लेअर, कंट्रोलर सपोर्ट वगैरेची यादी संपली की वेगळ्या रंगाचे छोटे चौकोन दिसतात, त्यात लिहिलेलं असतं की या गेममध्ये थर्ड पार्टी डीआरएम आहे आणि कोणतं, बऱ्याचदा डेनुवो नावाचं कुलूप. शेजारी असंही असतं की एका दिवसात पाचच वेगवेगळ्या मशीनवर ॲक्टिव्हेट होईल, किंवा दुसऱ्या कंपनीचं अकाउंट लागेल. हे शेवटचं नीट वाचा, कारण स्टीमवर घेतलेला गेम उघडल्यावर आणखी एक लाँचर (गेम सुरू करून देणारं सॉफ्टवेअर) उघडणार, त्याचा वेगळा पासवर्ड, त्याचं वेगळं अपडेट, आणि तो लाँचर रुसला की गेम बंद. २०२४ च्या शेवटापासून कर्नल लेव्हल अँटी-चीट असेल तर ते पण तिथे लिहावं लागतं. अँटी-चीट म्हणजे खेळात लबाडी करणाऱ्याला पकडणारं, ते डीआरएम नव्हे, पण कर्नल लेव्हलचं म्हणजे विंडोजच्या अगदी आत जाऊन बसणारं सॉफ्टवेअर आहे, व्हॅलोरंट या ऑनलाइन गेमचं व्हॅनगार्ड तर कॉम्प्युटर चालू होतानाच सुरू होतं. मित्रांबरोबर स्पर्धेचा गेम खेळायचा असेल तर ते घ्यायचं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय, पण एकट्याने खेळायच्या गेमसाठी असलं काही मागत असतील तर मी घेत नाही.

आणि कार्टमध्ये पैसे भरताना एक ओळ येते, ती पण वाचा. २०२४ पासून स्टीम स्पष्ट सांगतं की तुम्ही लायसन्स विकत घेताय. कॅलिफोर्नियातल्या नव्या कायद्याच्या तोंडावर ती ओळ आली, त्याआधीही व्यवहार हाच होता फक्त असा समोर लिहिलेला नसायचा.

स्टोअर पेजवर सगळं असतंच असं नाही म्हणून दुसरा टॅब उघडून पीसीगेमिंगविकी या गेमच्या तांत्रिक माहितीच्या साइटवर गेमचं नाव टाका. तिथे अव्हेलेबिलिटी नावाचा तक्ता असतो, कुठल्या दुकानात घेतला तर कुठलं कुलूप येतं ते दुकानागणिक दिलेलं असतं. एकच गेम एका ठिकाणी डेनुवोसकट आणि दुसऱ्या ठिकाणी कुलूप नसलेला असं पण सापडतं, आणि स्टीमवर असूनही स्टीम बंद ठेवून चालणारे गेम आहेत त्यांची पण नोंद असते. त्याच पानावर सेव्ह फाइल कुठल्या फोल्डरमध्ये जाते तेही असतं, ते लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

तोच गेम जीओजीवर असेल तर मी डोळे झाकून तिथून घेतो. पोलंडचं दुकान आहे, २००८ पासून चालू आहे आणि तिथले गेम डीआरएमशिवाय असतात. बाल्डर्स गेट ३ सारखा मोठा गेम २०२३ ला आला तो तिथेही पहिल्या दिवसापासून होता आणि तरी प्रचंड खपला, त्यामुळे कुलूप नसलं की धंदा बुडतो हे मला पटत नाही.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गेम अडखळला की आपण लगेच डेनुवोच्या नावाने शिमगा करतो, पण प्रत्येक झटका त्याचा नसतो. सायबरपंक २०७७ ला डीआरएम नव्हतं आणि डिसेंबर २०२० मध्ये तो इतक्या वाईट अवस्थेत आला की सोनीने तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून टाकला, परत यायला जून २०२१ उजाडला. २०१५ ला बॅटमॅन अर्खम नाइटची पीसीची विक्रीच थांबवावी लागली होती, जूनमध्ये थांबवली ती ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. हे अर्धवट शिजलेलं ताटात वाढणं आहे, कुलपाचा संबंध नाही. उलट २०२१ च्या रेसिडेंट ईव्हिल व्हिलेजमध्ये कुलपाचाच त्रास होता, पैसे भरलेल्यांचा गेम अडखळत होता आणि क्रॅक केलेली म्हणजे कुलूप तोडलेली कॉपी सुरळीत चालत होती, मग कॅपकॉम कंपनीने पॅच म्हणजे दुरुस्तीचं अपडेट काढून ते दुरुस्त केलं. मला सगळ्यात जास्त चीड याची येते की चोराला मोकळं रान आणि गिऱ्हाइकाची झडती. तरी क्रॅकच्या वाटेला जाऊ नका, त्या फाइलीत काय घुसवलंय ते कळत नाही आणि त्याच लॅपटॉपवर आपलं बँकेचं काम चालतं.

म्हणून प्रीऑर्डर अजिबात करू नका. डिजिटल माल आहे, दुकानात संपणार नाहीये. सहा-आठ महिने थांबलात तर पॅच येतात, किंमत उतरते आणि कधीकधी कुलूपही काढतात, २०१६ चा डूम मे महिन्यात डेनुवोसकट आला आणि डिसेंबरमध्ये डेनुवो काढून टाकलं. थांबणं जमतच नसेल तर निदान रिव्ह्यू येईपर्यंत तरी थांबा, आणि स्टीमवर रिव्ह्यू वाचताना नुसती टक्केवारी बघू नका, मागच्या तीस दिवसांचे वेगळे दाखवतात ते बघा, कारण वर्षभराने अपडेटमध्ये नवीन लाँचर घुसवला की तिथे लगेच कळतं.

घेतला गेम, आता पहिले दोन तास. स्टीमचा रिफंडचा नियम सोपा आहे, घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांपेक्षा कमी. या दोन तासांत मजा करायची नाही, गेम तपासायचा, हे डोक्यात पक्कं ठेवा. सुरू केल्यावर शेडर (स्क्रीनवरचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल करतोय असं दाखवत बसला तर गेम चालू असल्यामुळे तो वेळसुद्धा मोजला जातो, त्यामुळे घड्याळ बघा. कॅरेक्टरचं नाक-डोळे सजवण्यात चाळीस मिनिटं घालवू नका, समोर येईल ते घ्या आणि पुढे पळा, गर्दीचा बाजार, मोठी मारामारी, वेगाने गाडी चालवणं, जिथे मशीनवर ताण येतो तिथपर्यंत पोचा. स्क्रीनवर फ्रेमटाइमचा, म्हणजे एकेका चित्राला किती वेळ लागतो त्याचा, ग्राफ लावून ठेवा, एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरने दिसतो. नुसता एफपीएसचा (सेकंदाला किती चित्रं) आकडा फसवतो, ६० दाखवत असताना पण झटके बसतात, ग्राफमध्ये मात्र रेघ सरळ चाललेली असते आणि मध्येच काटा उभा राहतो तो दिसतो. मग मागे या आणि त्याच जागेवरून परत जा. पहिल्यांदा झटका बसला आणि दुसऱ्यांदा नाही तर बहुतेक शेडरचा प्रकार, खेळत जाल तसा कमी होईल. दर वेळी त्याच वळणावर तोच काटा येत असेल तर गेमच नीट बनवलेला नाही असं समजा आणि रिफंड मागा. स्टीममध्ये हेल्प, मग सपोर्ट, तिथे गेम निवडून रिफंड पाहिजे म्हणून सांगायचं, भीड बाळगायची गरज नाही. जीओजीवर तर ३० दिवस देतात, गेम खेळून झाला असला तरी, फक्त त्याचा गैरफायदा घेऊ नका, असं दुकान टिकायला पाहिजे.

याच दोन तासांत माझी सगळ्यात महत्त्वाची टेस्ट करायची. गेम एकदा नेटवर सुरू करा, कारण डेनुवोला पहिल्यांदा नेट लागतंच. बंद करा. स्टीमच्या मेनूतून ऑफलाइन मोडमध्ये जा. मग राउटरचं बटण बंद करा आणि मोबाईलचं हॉटस्पॉट पण बंद ठेवा, नाहीतर ते आपोआप जोडलं जातं आणि आपण फसतो. लॅपटॉप रीस्टार्ट करा, गेम सुरू करा, सेव्ह लोड करा, दहा मिनिटं खेळा, परत सेव्ह करा. एवढं झालं तर गावी न्यायला हरकत नाही. तरी निघायच्या आदल्या रात्री ही टेस्ट पुन्हा करा, मधल्या काळात गेमचं किंवा विंडोजचं मोठं अपडेट झालं असेल तर कुलूप परत नेट मागू शकतं. लिनक्सवर किंवा स्टीम डेक या हातात धरायच्या मशीनवर खेळत असाल तर प्रोटॉनचं (तिथे विंडोजचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) व्हर्जन सारखं बदलून बघू नका, डेनुवोला प्रत्येक बदल नवीन मशीन वाटतो आणि दिवसाचा कोटा संपून २४ तास बाहेर बसावं लागतं.

जुना गेम नवीन इंटेलवर सुरूच होत नसेल तर हे बघा. २०२१ ला बाराव्या पिढीचे प्रोसेसर आले त्यात दोन प्रकारचे कोअर आहेत, आणि काही डीआरएमला ते दोन वेगवेगळे कॉम्प्युटर वाटायचे. इंटेलनेच तेव्हा अडलेल्या ५१ गेमची यादी दिली होती, नंतर बरेचसे पॅच झाले. नसेल झालेला तर बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडायच्या सेटिंगमध्ये) लेगसी गेम कंपॅटिबिलिटी मोड चालू करायचा आणि गेम सुरू करायच्या आधी स्क्रोल लॉक दाबायचं, खेळून झालं की परत दाबायचं.

शेवटचं काम बॅकअप, आणि याचा कंटाळा करू नका. माझ्या कपाटात २००५-०६ ला घेतलेले तीन-चार गेम खोक्यासकट आहेत, डिस्कवर एक ओरखडा नाही, पण सेफडिस्क आणि सेक्युरॉमच्या जुन्या कुलपांना विंडोज १० ने २०१५ मध्ये दार बंद केलं आणि त्या डिस्क नुसत्या ड्राइव्हमध्ये गरगरतात. द क्रू या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले, त्यात एकट्याने खेळायची अख्खी गोष्ट होती तरी डिस्क घेतलेल्यांनाही तो आता कंपनीच्या रस्त्याने खेळता येत नाही. त्यावरूनच रॉस स्कॉट या यूट्यूबरने स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम सुरू केली आणि जुलै २०२५ मध्ये युरोपात त्याच्या अर्जावर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. सह्या फक्त युरोपियन युनियनच्या नागरिकांच्या चालत होत्या, आपल्याला इथून करता आल्या नाहीत, पण मागणी अगदी साधी आहे, बंद करा पण खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा.

तर बॅकअप असा घ्यायचा. जीओजीवर लायब्ररीत गेम उघडला की ऑफलाइन इन्स्टॉलर डाउनलोड करायचा पर्याय असतो, मोठ्या गेमच्या चार-चार जीबीच्या बऱ्याच फाइली येतात, सगळ्या एकाच फोल्डरमध्ये पाहिजेत, एक राहिली तरी इन्स्टॉल अडतं. एक्स्टर्नल हार्डडिस्कवर टाका आणि तिथूनच एकदा नेट बंद करून इन्स्टॉल करून बघा, न बघितलेला बॅकअप मी धरतच नाही. स्टीमचा बॅकअप घेतलात तर परत डाउनलोड वाचतं, पण टाकताना स्टीम आणि लॉगिन लागणारच. सेव्ह फाइलींचा फोल्डर पीसीगेमिंगविकीवरून लिहून घेतला होतात तो पण कॉपी करा, बहुतेक वेळा डॉक्युमेंट्स किंवा ॲपडेटामध्ये असतो.

आणि खेळून झाल्यावर रिव्ह्यू लिहा, मराठीत लिहिलात तरी चालेल. "बकवास गेम" असं लिहून कोणाला काही कळत नाही. प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, रॅम, कुठल्या सीनला झटके बसतात, कुठला लाँचर उघडतो आणि नेट काढल्यावर काय होतं, एवढ्या सहा गोष्टी लिहा. मी आता कुठलाही रिव्ह्यू वाचताना शेवटची गोष्ट आधी शोधतो आणि शंभरात दोघा-तिघांनी पण ती लिहिलेली नसते.

मे महिन्यात भाचा परत गावी येणार आहे, त्याच्यासाठी हार्डडिस्कवर दोन गाड्यांचे गेम टाकून ठेवलेत, दोन्ही राउटर बंद करून चालवून बघितलेत.