बॉयलर आवाज करतोय? आधी तो कधी करतो ते बघा

गॅसवर पाणी तापवून ते पाइपांतून खोल्याखोल्यांत फिरवत घर गरम ठेवणारा बॉयलर आवाज करायला लागला की सगळे विचारतात कसला आवाज येतोय, पण माझ्या मते त्याहून कामाचा प्रश्न म्हणजे आवाज कधी येतोय. चालू होताना एकदाच येतो, की पाणी तापेल तसा वाढत जातो, की बंद झाल्यावरही थोडा वेळ चालूच राहतो, की फक्त गरम पाण्याचा नळ सोडला तरच येतो? काहीही उघडायच्या आधी एकदा थंड बॉयलर चालू करून तो पूर्ण तापेपर्यंत आणि बंद होईपर्यंत जवळ थांबून ऐका, आणि प्रेशरचा काटा थंड असताना कुठे होता नि तापल्यावर कुठे गेला ते लिहून ठेवा. अर्धं काम इथेच होतं.

आधी धोक्याचं बोलू. बर्नर पेटताना धडाम किंवा धप्प असा ठोका बसत असेल तर गॅस लगेच पेट घेत नाहीये, आत थोडा साचतोय आणि मग एकदम पेटतोय. बर्नरवर मळ असेल, ठिणगीचा इलेक्ट्रोड झिजला असेल किंवा गॅसचं प्रेशर बिघडलं असेल, यातलं काहीही घरी करायचं नसतं. बॉयलर बंद करा आणि गॅसचं लायसन्स असलेल्या मेकॅनिकलाच बोलवा. ज्योत निळ्याऐवजी पिवळी-केशरी दिसत असेल, आजूबाजूला काजळी धरली असेल, किंवा घरात असलं की डोकं दुखतं, मळमळतं आणि बाहेर गेलं की बरं वाटतं असं होत असेल तर तो कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, त्याला ना रंग ना वास, तेव्हा बॉयलर बंद करून खिडक्या उघडा आणि सगळ्यांनी बाहेर पडा. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हातसुद्धा लावू नका. आणि बॉयलरचं पुढचं झाकण काढून आत डोकावायचा मोह टाळा, बऱ्याच मॉडेलमध्ये त्या झाकणामुळेच धूर आतल्या आत राहतो.

आता रोजचे आवाज. खळखळ, गुडगुड, पाइपातून पाणी पडल्यासारखं वाटतंय म्हणजे बहुतेक वेळा सिस्टीममध्ये, म्हणजे पाणी फिरतं त्या पाइप-रेडिएटरच्या जाळ्यात, हवा आहे. रेडिएटरला (खोलीत ऊब देणाऱ्या, आतून गरम पाणी फिरणाऱ्या धातूच्या पॅनलला) हात लावून बघा, वरून थंड आणि खालून गरम असेल तर हवा, उलटं म्हणजे खालून थंड असेल तर गाळ. हवा काढणं सोपं आहे. हीटिंग बंद करा, रेडिएटर गार होऊ द्या, खाली भांडं नि फडकं धरा आणि रेडिएटरच्या चावीने वरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू हळूच पाव-अर्धा फेरा डावीकडे फिरवा, सूं करून हवा जाते, पाण्याची सलग धार आली की बंद. खालच्या मजल्यापासून सुरू करून वर जा. जवळ पेटती काडी किंवा मेणबत्ती नको, कारण आत लोखंड गंजत असेल तर त्या हवेत हायड्रोजनही असू शकतो. येणाऱ्या पाण्याचा रंगही बघा, काळंकुट्ट असेल तर आत गंजाचा गाळ झालाय, आणि तो वाळल्यावर लोहचुंबकाला चिकटतो.

हवा काढली की प्रेशर उतरतं. हवाबंद सिस्टीममध्ये पाणी थंड असताना साधारण 1 ते 1.5 बार (बार हे प्रेशरचं माप) हवं, कमी झालं असेल तर फिलिंगच्या नळाने हळूहळू पाणी भरा आणि मग नळ नीट बंद झालाय याची खात्री करा. (जुन्या पद्धतीत वर माळ्यावर छोटी टाकी असते, तिथे हा काटा नसतो, टाकीतलं पाणी बघायचं.)

आणि इथेच बहुतेक लोक चुकतात असं मला वाटतं. दर आठवड्याला प्रेशर उतरतं, दर आठवड्याला पाणी भरतात, आवाज थोडे दिवस थांबतो आणि परत येतो. एकदा भरलेलं पाणी तसंच फिरत राहिलं तर त्यातला ऑक्सिजन संपतो आणि गंजणं जवळजवळ थांबतं, पण तुम्ही ताजं पाणी भरलंत की त्याच्याबरोबर नवा ऑक्सिजन येतो, पाणी जड असेल तर नवा क्षार येतो, म्हणजे आजच्या खळखळीवर केलेला उपाय उद्याच्या गाळाची आणि क्षाराची सोय करतो. म्हणून प्रेशर का उतरतंय ते शोधा. रेडिएटरचे व्हॉल्व्ह, जोड, पाइपाखालची ओल बघा. काटा थंड असताना 1 वर आणि तापल्यावर जवळजवळ 3 वर जात असेल तर एक्स्पान्शन व्हेसलवर संशय घ्या. पाणी 10 वरून 80 अंशांवर गेलं की सुमारे 3 टक्के फुगतं, ते फुगलेलं पाणी सामावून घ्यायला त्या डब्यात रबरी पडद्यामागे हवा भरलेली असते, ती गेली की प्रेशर 3 बारला पोचतं, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेरच्या पाइपातून गळतं आणि बॉयलर गार झाला की काटा शून्याकडे. मेकॅनिकला सरळ सांगा की व्हेसलची हवा तपासा, हे काम नवीन बॉयलरच्या मानाने किरकोळ आहे.

पाणी तापेल तसा वाढत जाणारा, चुलीवर आधण ठेवल्यावर येतो तसा गुणगुणता आणि मग गडगडता आवाज हा हीट एक्स्चेंजरचा, म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाचा. आत क्षार किंवा गाळ बसला की पाणी त्या जागी अडकतं, तिथल्या तिथे उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटतात. बर्नर बंद झाल्यावरही हा थोडा वेळ चालू राहतो. आज लगेच करता येण्यासारखं म्हणजे हीटिंगच्या पाण्याचं तापमान कमी करा, 75-80 वर असेल तर 60-65 वर आणा (गरम पाण्याची साठवण टाकी असेल तर तिचं पाणी मात्र 60 च्या खाली नको, जंतू वाढतात), आणि सगळे रेडिएटर उघडे आहेत ना बघा, कारण निम्मे बंद असले की पाणी कमी फिरतं. आवाज कमी झाला तरी क्षार आतच आहे हे लक्षात ठेवा, तो केमिकलनेच निघतो. आवाज फक्त गरम पाण्याचा नळ सोडल्यावर येत असेल तर कॉम्बी बॉयलरमध्ये (घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणाऱ्या) दोष बहुतेक वेळा दुसऱ्या, म्हणजे नळाचं पाणी तापवणाऱ्या प्लेटवाल्या एक्स्चेंजरमध्ये असतो आणि तो वेगळा साफ करता किंवा बदलता येतो.

बाकीचं पटकन. सतत घूं घूं येत असेल तर पंप, त्याला स्पीडची सेटिंग असेल तर एक पायरी खाली करून बघा, खडखडत असेल तर बेअरिंग गेलंय. बर्नर पेटायच्या आधीच बारीक किंचाळल्यासारखं येत असेल तर पंखा, तो मेकॅनिककडे. कडक थंडीत गुडगुड करून बॉयलर बंद पडला तर बाहेर जाणारा कंडेन्सेटचा (धुरातली वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याचा) प्लॅस्टिकचा पाइप बहुतेक गोठलाय, त्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नको, मग बॉयलर रीसेट करा. भिंतीतून किंवा जमिनीखालून टकटक येतेय तर पाइप तापून लांबतोय आणि लाकडाला घासतोय, त्याने बॉयलरला काही होत नाही, जिथे हात पोचेल तिथे पाइपाखाली फेल्टचा तुकडा सरकवला की थांबतं.

गाळासाठी फ्लशिंग, म्हणजे सगळी सिस्टीम आतून धुणं, करून घेणार असाल तर कामाआधीच तीन गोष्टी ठरवून घ्या: प्रत्येक रेडिएटर वेगळा धुणार का, शेवटी गंजरोधक इनहिबिटर घालणार का, आणि बॉयलरकडे परत येणाऱ्या पाइपवर गंजाचा गाळ चुंबकाने पकडणारा मॅग्नेटिक फिल्टर बसवणार का. इनहिबिटर न घालता नुसतं ताजं पाणी भरून दिलं तर गाळ परत व्हायला लागतो, आणि पुढे कधीही सिस्टीम रिकामी केली तर इनहिबिटर परत घालावाच लागतो.