प्रशिक्षणाला दोन नावं पाठवा

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आमच्या वाचनालयात शिरलं, तेव्हा मला नोकरीत सहा वर्षं झाली होती. ग्रंथालय प्रमाणपत्राची परीक्षा दिलेली, बी.लिब. झालेलं. दशांश वर्गीकरणाचे, म्हणजे पुस्तकं विषयवार लावण्याचे, क्रमांक झोपेत विचारले असते तरी सांगितले असते. भिजलेल्या पुस्तकाचं काय करायचं, हे मात्र ठाऊक नव्हतं.

पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे खालच्या फळ्यांवर तुटून पडलो. पुस्तकं फुगून कपाटात घट्ट बसली होती. ओढली तर कणे, म्हणजे बांधणीच्या पाठी, सुटून हातात आले. जी निघाली ती गच्चीवर नेऊन पानं उघडून ठेवली. वरच्या चार फळ्यांना पाणी लागलं नव्हतं. ती पुस्तकं वाचली असं समजून आम्ही त्या कपाटांची दारं नीट लावून घेतली. आठवड्याने उघडली, तर आत करड्या-हिरव्या बुरशीची साय धरलेली. पुरात गेलेल्या पुस्तकांचं दुःख आहेच, पण पाण्याने शिवलीही नव्हती ती पुस्तकं आमच्या हाताने गेली, ते मला आजही सहन होत नाही. नव्याने ग्रंथालयात लागलेल्यांसाठी मी हे लिहिते आहे, त्याचं कारण ते कपाट आहे.

त्या हिवाळ्यात मी जतनाच्या कार्यशाळेला गेले. तिथे पहिल्याच दिवशी कळलं की पूर ओसरल्यावर आधी हवा बघायची, पुस्तकं नंतर. दारं-खिडक्या, कपाटं उघडायची, पंखे लावायचे, फरशीवरचं पाणी काढायचं. दमट, कोंदट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि ती कोरड्या दिसणाऱ्या कागदावरही धरते. चिंब पुस्तक मिटलेलं असेल तर मिटलेलंच राहू द्यायचं, हाताने उघडायचं नाही. थोडं निथळलं की मध्ये मध्ये टीपकागद किंवा न छापलेला कोरा वृत्तपत्री कागद घालायचा आणि तो भिजला की बदलायचा. ऊन नको, सावलीत पंख्याचा वारा. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं मात्र ओली असतानाच सुटी करावी लागतात. एकदा चिकटून वाळली की त्याची वीट होते.

आणि एवढं सगळं करायला माणसं नसतील तर? पुस्तकं पिशव्यांत भरून थंडीत ठेवायची. ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा पूर राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला. भिजलेल्या पुस्तकांबद्दल आज जगाला जे कळतं, त्यातलं पुष्कळसं तिथल्या चिखलात शिकलेलं आहे. गोठवून ठेवलेलं पुस्तक पुढे सवडीने वाळवता येतं. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या भागातली बेदाण्याची शीतगृहं आली. तिथे पुस्तक गोठणार नाही, पण बुरशीची वाढ मंदावते, चार दिवस विचार करायला मिळतात. जवळच असून त्या ऑगस्टमध्ये आमच्यापैकी कुणालाही ती आठवली नव्हती. तुमच्या गावात मोठा डीप फ्रीझर कुणाकडे आहे, शीतगृह कुठे आहे, त्यांचे फोन नंबर आजच देवघेवीच्या टेबलाच्या काचेखाली लावून ठेवा.

कार्यशाळेहून परतले, प्रमाणपत्र फाइलला लावलं. महिन्याभराने एका सकाळी लवकर आले, तर आमच्या सफाईच्या मावशी ओल्या फडक्याने पुस्तकांचे कणे एकेक करून पुसत होत्या. किती निगुतीने! धुळीचा कण राहू नये म्हणून. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मीही नाही. त्या सकाळी मला माझ्या शिक्षणातली खोट दिसली. प्रशिक्षणाला ग्रंथपाल जातो, पण पुस्तकाला दिवसभर हात लागतो तो शिपायाचा, लिपिकाचा, झाडूपोछा करणाऱ्या मावशींचा. फळीवरून पुस्तक काढताना कण्याचं वरचं टोक बोटाने ओढलं की तिथूनच ते फाटायला लागतं. शेजारची दोन पुस्तकं थोडी आत सारून मधल्याला दोन्ही बाजूंनी धरायचं, एवढंच तर शिकायचं असतं. पण ते शिकायचं कुणी? दिवसातून शंभरदा पुस्तक काढणाऱ्याने.

मग मी दर शनिवारी अर्धा तास सगळ्यांना घेऊन बसायला लागले. कोरड्या मऊ ब्रशने, पुस्तक घट्ट मिटून धरून, कण्याकडून बाहेरच्या बाजूला झाडायचं. नाकाला मास्क. फळीवर किंवा पुस्तकाखाली बारीक पिवळसर भुगा दिसला तर तो पुसून टाकण्याआधी मला हाक मारायची, कारण ताजा भुगा म्हणजे किडा आत जिवंत आहे. भिंतीवर वाळवीची मातीची रेघ दिसली तर ती कुठून निघाली ते आधी शोधायचं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. दान आलेली पुस्तकं थेट फळीवर लावायची नाहीत, दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवून पाहायची. डांबरगोळ्यांचा वाद मात्र बरेच दिवस चालला. त्या वासाने आमच्या सगळ्यांचीच डोकी दुखत, आणि पुस्तकात घर केलेला किडा तिथेच राही. शेवटी गोळ्या गेल्या आणि दर पंधरवड्याची तपासणी आली.

दुरुस्ती शिकवताना सर्वांत मोठा धडा मला मावशींनी दिला. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो आणि मग निघत नाही. त्याऐवजी जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरायची, कारण ती पाण्याने पुन्हा सोडवता येते. उद्या कुणाला उलगडता येणार नाही अशी दुरुस्ती करायचीच नाही. मैद्याच्या खळीत गव्हातलं चिकट प्रथिन राहतं, ते किड्यांना बोलावतं. तयार सत्त्व कुठून मागवायचं, या विवंचनेत मी होते. मावशींनी माझी वही पाहिली आणि म्हणाल्या, “अवो ताई, ह्यो तर कुरडयाचा चीक की!” खरंच होतं. गहू भिजवून, वाटून, गाळून, वरचं पाणी ओतून खाली उरतो तोच. कुरडईचा चीक आंबूस असतो, म्हणून आम्ही वास जाईपर्यंत पाणी बदलत राहिलो. खळ थोडी थोडी शिजवायची, दोन-तीन दिवसांत संपवायची. बाहेरचे बाइंडर खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, ते कागदाला बाधतं. बांधणीला पुस्तक देताना मोरचूद नको आणि कडा कापायच्या नाहीत, या दोन अटी मी आता चिठ्ठीवर लिहून देते.

सगळं वाचवता येत नाही, हेही नवख्या माणसाला लवकर कळलेलं बरं. पेशवाईतला जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद आजही लवचिक असतो, आणि सत्तर वर्षांपूर्वीचं मासिक घडीवर तुटतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कागद लाकडाच्या लगद्याचा होत गेला, त्यात तुरटी आणि राळ आली, आणि आम्ल कागदाच्या आतच राहिलं. अशा अंकाला दुरुस्तीपेक्षा चांगलं पाकीट, कमी उजेड आणि स्कॅन केलेली प्रत जास्त उपयोगी पडते. लॅमिनेशन मात्र कधीच नाही.

पुढे शिकायचं असेल तर नवी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार ग्रंथ-कागदपत्रांच्या जतनाचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम घेत आलं आहे. लखनौला १९७६ पासून राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा आहे. जागा थोड्या असतात, घर आणि नोकरी सांभाळून जाणं सोपं नसतं, तरी जा. नंतरच्या एका कार्यशाळेसाठी मी कार्यकारी मंडळाला अर्ज दिला, त्यात माझ्या नावाखाली आमच्या शिपायाचं नाव लिहिलं. सभेत विचारलं गेलं, शिपायाचा प्रवासखर्च कशासाठी? मी बुरशी लागलेलं एक पुस्तक आणि ब्रशने झाडलेलं एक पुस्तक टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. दोन्ही नावं मंजूर झाली.