एमटीटीच्या जांभळ्या रंगावर जाऊ नका

कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क, त्यात सिल्व्हर नायट्रेट, द्रावण तपकिरी झालं की नॅनोपार्टिकल तयार. मराठवाड्यातल्या कितीतरी पीएचडी इथूनच सुरू होतात, माझीही झाली. पुढं एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर एमटीटी (पेशी किती जिवंत आहेत हे रंगावरून बघायची चाचणी) केली की शीर्षकात ‘अँटिकॅन्सर’ बसतं. घात तिथंच होतो.

एमटीटी पेशी मेल्या का हे सांगतच नाही. जिवंत पेशीतली एन्झाइम पिवळ्या एमटीटी रंगद्रव्याचं जांभळं फॉर्मॅझान करतात आणि आपण ५७० नॅनोमीटरच्या आसपास तो रंग मोजतो, बस. पण त्याच वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या खळग्यात, तुमचे कणही असतात. सोन्याचे कण ५२० च्या आसपास स्वतःच प्रकाश शोषतात. चांदीचे चारशेच्या पुढं, पण त्यांच्या गुठळ्या झाल्या की शोषण वर सरकतं. अर्कातली पॉलिफेनॉल तर पेशी नसतानाही एमटीटी जांभळं करतात. मग मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. कार्बन नॅनोट्यूबचं उलटं: त्या फॉर्मॅझान धरून ठेवतात, जिवंत पेशी मेलेल्या वाटतात. माझ्या प्लेटमध्ये सगळ्यात मोठ्या डोसला पेशी चक्क वाढलेल्या दिसत होत्या. सीनियर म्हणाला, “तो पॉइंट काढून टाक की.” असे सीनियर टाळा. तो पॉइंटच खरं बोलत होता.

म्हणून प्रत्येक डोसची एक ओळ पेशींविना लावा: मीडिया (पेशी वाढवायचं द्रव), कण, एमटीटी. एमटीटी टाकण्याआधी पेशी पीबीएस या खारट बफरनं धुवा. नुसता अर्क आणि नुसतं सिल्व्हर नायट्रेट यांच्याही ओळी हव्यातच, कारण सुटे चांदीचे आयनही पेशी मारतात.

घाबरू नका, हे सगळं एकाच प्लेटमध्ये बसतं. आणि कणांमुळं पेशी खरंच मरू शकतात: ऑक्सिजनची क्रियाशील रूपं वाढतात, मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम-सी बाहेर पडतं, पेशीला मरणाकडं नेणारं एन्झाइम कॅस्पेज-९ जागं होतं, मग कॅस्पेज-३. फक्त एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-३ शोधू नका. त्या पेशींत त्याच्या जनुकाचा तुकडाच गळालेला आहे. त्यासाठी हेला या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी घ्या. आणि अ‍ॅनेक्सिन-पीआय ही मरणाऱ्या पेशी रंगवून ओळखायची चाचणी केल्याशिवाय ‘अपॉप्टोसिस’ (पेशीनं स्वतःच ठरवून मरणं) लिहू नका.

आपल्याकडं फ्लो सायटोमीटर, म्हणजे अशा रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणारं यंत्र, सहज मिळत नाही, त्यामुळं पैसे भरून पुण्या-मुंबईहून ग्राफ मागवायची पद्धत पडलीय. पाठवा, हरकत नाही. पण कंट्रोलची (तुलनेच्या नमुन्यांची) यादी आधी लिहून द्या आणि कच्चे ओडी (प्रकाश शोषणाचे आकडे) एक्सेलमध्ये मागून घ्या. कुरकुर केली तर दुसरी लॅब बघा, गाइड काहीही म्हणोत.