जर्बिलची रात्रीची कुरतड: आवाज कमी कसा करावा

जर्बिल हा उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे कुरतडणं थांबणार नाही. पण झोप उडवणारी खरखर बहुधा पिंजऱ्याच्या गजांची असते, आणि गज चावून नाकावरचे केसही झडतात. गजांऐवजी काचेची टाकी घ्या, वर बारीक जाळीचं घट्ट झाकण. प्लॅस्टिकचं घर आत नकोच. त्याचे तुकडे पोटात जातात.

खरा उपाय म्हणजे बीळ खणायला तळाशी खोल थर. कागदी बेडिंग किंवा धूळ काढलेला लाकडाचा कीस (देवदाराचा नको) निदान 25 सेंमी भरा. त्यात मूठ-मूठ सुकं गवत मिसळून तळव्याने दाबत चला, कारण नुसत्या किसात बोगदा टिकत नाही. जर्बिल कोपऱ्यात काच खरवडत बसलं, तर त्याला बीळ हवंय असं समजा. पळायचं चाक आणि जड भांडी थरावर न ठेवता टाकीच्या तळापासून उभ्या केलेल्या लाकडी फळीवर ठेवा, नाहीतर खालचा बोगदा ढासळून प्राणी दबतो.

रात्री चावायला पुठ्ठा द्या, टेप आणि पिना काढून. लाकडाचे तुकडे खडखडतात, ते दिवसा. चाक सलग पृष्ठभागाचं, व्यास 28 सेंमीच्या आसपास. कुरकुरलं तर आसाला थेंबभर खाद्यतेल. खोबरेल हिवाळ्यात गोठतं, म्हणून ते टाळा. टाकीखाली जुनी योगा मॅट दुमडून घातली की टेबलातून येणारी धडधड दबते. वरून चादर मात्र टाकू नका, हवा कोंडते.