परकीय भांडवलाने देशाची उत्पादकता वाढली का, हे कसं तपासावं

माझ्याकडे प्रबंधासाठी येणारी मुलं बहुतेक एकाच तक्त्याने सुरुवात करतात. एका रकान्यात देशात आलेली थेट परकीय गुंतवणूक, शेजारी जीडीपीची वाढ. दोन्ही आकडे चढते दिसले की निष्कर्ष तयार! तो तक्ता मी आधी बाजूला ठेवायला लावते.

पहिलं काम म्हणजे आलेल्या पैशाने नेमकं काय केलं ते बघा. नवा कारखाना उभा राहिला, चालू कंपनी विकत घेतली, की फक्त कागदावर मालमत्ता हलली? 2015 साली आयर्लंडचा जीडीपी एका वर्षात 26 टक्क्यांच्या आसपास वाढल्याचं जाहीर झालं होतं. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी बौद्धिक संपदा तिथल्या खात्यांवर आणली, हे त्याचं मोठं कारण. कामगार कालचेच, यंत्रंही कालचीच. पुढे तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला अशा गोष्टी वगळून राष्ट्रीय उत्पन्नाचं वेगळं मोजमाप काढावं लागलं.

मग परकीय मालकीच्या कंपन्यांकडे वळा. त्या जास्त उत्पादक असतात हे खरं, पण परदेशी गुंतवणूकदार मुळातच चांगली चाललेली कंपनी निवडतो. म्हणून देशी आणि परकीय कंपन्यांची सरसकट तुलना करू नका. तीच कंपनी मालकी बदलण्याआधी आणि नंतर कशी होती ते पाहा. माणशी उत्पादन नुसत्या जास्त यंत्रांनीही वाढतं, तेव्हा भांडवलाचा वाटा वजा करून एकूण घटक उत्पादकता काढा, म्हणजे तेवढ्याच माणसांत आणि यंत्रांत किती जास्त माल निघतो ते.

आता त्याच धंद्यातले देशी स्पर्धक. इथे मुलं हमखास गोंधळतात, म्हणून मी फळ्यावर एक हिशेब मांडते. एका कारखान्यात 50 माणसं 1000 नग काढतात, म्हणजे माणशी 20. यातली 20 माणसं देखभाल, हिशेब, पहारा यांची. माल कितीही निघो, ती लागतातच. उरलेली 30 मालाच्या प्रमाणात. परकीय कंपनीने गिऱ्हाईक ओढलं आणि उत्पादन 700 वर आलं, तर 20 अधिक 21, अशी 41 माणसं लागतील. माणशी उत्पादन 17 वर घसरलं, आणि कौशल्य तर कुणाचंच कमी झालेलं नाही! एटकेन आणि हॅरिसन या अर्थतज्ज्ञांनी व्हेनेझुएलातल्या कारखान्यांची 1976 ते 1989 ची आकडेवारी तपासली, तेव्हा त्यांना देशी कारखान्यांची अशीच घसरण आढळली.

फायदा शोधायचा तर पुरवठादारांकडे जा. परकीय कंपनी स्पर्धकापासून आपलं तंत्र लपवते, पण सुटे भाग देणाऱ्याला ते स्वतःहून शिकवते, कारण त्याचा सदोष भाग तिचीच लाइन थांबवतो. मोजमाप कसं घ्यायचं, परत आलेल्या मालाची नोंद कशी ठेवायची, हे त्याला शिकावंच लागतं. लिथुआनियात अर्थतज्ज्ञ यावोर्चिक यांना हाच परिणाम दिसला; आणि तो दिसला स्थानिक भागीदार असलेल्या प्रकल्पांतून, पूर्ण परकीय मालकीच्या नव्हे. म्हणून सुटे भाग किती टक्के देशातून घेतले जातात, हा आकडा मिळवाच. जिथे सगळंच आयात होतं, तिथे शेजारच्या उद्योगाला काय मिळणार?

शेवटी माणसांचा माग काढा. बांगलादेशातल्या ‘देश गार्मेंट्स’ या तयार कपड्यांच्या कंपनीने 1979 मध्ये सुमारे 130 जणांना कोरियात डेवू या कंपनीकडे शिकायला पाठवलं. डेवूने त्यात भागभांडवल घातलं नव्हतं. करार होता प्रशिक्षणाचा, तंत्राचा आणि विक्रीचा. पुढे त्यांतले बहुतेक जण बाहेर पडले, कुणी स्वतःचे कारखाने काढले, कुणी दुसऱ्यांकडे गेले, आणि विद्या देशभर पसरली. ही हालचाल ताळेबंदात सापडत नाही. त्यासाठी देशी कंपन्यांचे संस्थापक आणि कारखाना व्यवस्थापक आधी कुठे नोकरीला होते, याची यादी करा. वेळखाऊ काम आहे, पण माझ्या मुलांचे सगळ्यात चांगले प्रबंध याच यादीतून निघाले आहेत.