रात्रीचे फोटो पहिल्यांदा काढताय? मग उजेड असतानाच ठाण्यातल्या तलावपाळीवर पोचा

रात्रीचे फोटो म्हणजे जेवणं आटपून नऊला बाहेर पडायचं असं बऱ्याच जणांना वाटतं आणि तिथेच घोळ होतो, कारण तोवर आकाश काळंकुट्ट झालेलं असतं आणि दिव्यांचे नुसते पांढरे डाग येतात. खरी मजा सूर्य बुडाल्यावर पंधराएक मिनिटांनी सुरू होते, आकाश गर्द निळं, खाली दिवे लागलेले, आणि हे जेमतेम वीस मिनिटं टिकतं. डिसेंबरात आपल्याकडे सूर्यास्त सहाच्या आसपास, जूनमध्ये सव्वासातला, त्यामुळे अर्धा तास आधी येऊन जागा धरा.

सुरुवातीला तलावपाळीच बरी. वर्दळ असते, महागडा कॅमेरा घेऊन उभं राहायला भीती वाटत नाही, आणि पाण्यात दिवे उतरलेले दिसतात ते फुकट मिळतं.

ट्रायपॉड हवाच, नसेल तर कठड्यावर बॅग ठेवा नि तिच्यावर कॅमेरा टेकवा. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, हलतो. लोंबणारा पट्टा गुंडाळून ठेवा, तलावावरचा वारा त्याला झुलवतो आणि फोटो हलका हलतो, घरी मोठ्या स्क्रीनवर बघितल्यावरच कळतं. बोटाने शटर दाबायचं नाही, २ सेकंदांचा टायमर लावा.

आता सेटिंग. मॅन्युअल मोड, फाइल रॉ (म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), एफ ८ (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा), आयएसओ १०० (उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ती कमीच ठेवायची). शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते शोधायला आधी आयएसओ १६०० करून ट्रायल घ्या, तिथे १ सेकंदात उजेड बरोबर आला तर १०० वर १६ सेकंद लागणार, सरळ हिशोब आहे, प्रत्येक वेळी तेवढा वेळ वाट बघत बसायला नको. अंधारात स्क्रीन आहे त्यापेक्षा उजळ वाटतो म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख बघा.

फोकसला घाई करू नका, माझ्या मते अर्धे फोटो इथेच वाया जातात. ऑटोफोकस काळोखात नुसता पुढेमागे फिरत राहतो. लाइव्ह व्ह्यू चालू करा, म्हणजे समोरचं चित्र मागच्या स्क्रीनवर दिसेल, समोरच्या काठावरचा एक दिवा स्क्रीनवर झूम करून धरा आणि लेन्सवरची फोकसची रिंग हळूहळू फिरवा, दिव्याचा गोळा बारीक होत होत टाचणीच्या टोकाएवढा होतो, तिथे थांबा. मग रिंगला हात लावू नका.

बोटी मात्र इतक्या वेळात रेघा होऊन येतात, बोट स्पष्ट हवी असेल तर आयएसओ वाढवून शटर कमी करावंच लागतं.

पावसाळ्यात एसी गाडीतून उतरलात की लेन्सवर वाफ धरते, पुसत बसू नका, दहा मिनिटांत आपोआप जाते.

मोबाइलवाल्यांनीही नाइट मोड लावून फोन टेकवूनच ठेवा, हातातल्यापेक्षा खूप फरक पडतो.

हात बसला की नवी मुंबईतल्या पामबीच रोडला जा, फुटपाथवरच उभे राहा, एफ ११, १५ सेकंद. सिग्नल हिरवा व्हायच्या जरा आधी शटर दाबा, म्हणजे जाणाऱ्या गाड्यांची लाल रेघ सिग्नलपासूनच सुरू झालेली मिळेल.